पापडाला लाइक, कुरडईचा चुरा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

घरगुती उद्योग करणाऱ्या बायांनी समाजमाध्यमांवर जाहिरात कशी करावी, यावर गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत एक लेख आला होता. लेख चांगला होता, फोटोही छान होते. त्यातले 'रोज फक्त दोनशे रुपयांत लाखो लोकांपर्यंत पोहोचा' हे वाक्य मी दोनदा वाचले आणि मग ह्यांना मोठ्याने वाचून दाखवले. ह्यांनी चष्मा काढून विचारले, "लाखो लोकांना पुरतील एवढे पापड आहेत का आपल्या घरात?" पत्र लिहायचे तेव्हाच ठरले.

मी नागपुरातल्या नंदनवन भागात राहते आणि सतरा वर्षांपासून वाळवणाचे पदार्थ करून विकते. उडदाचे नि ज्वारीचे पापड, मुगवड्या, सांडगे, सरगुंडे आणि गव्हाच्या कुरड्या. चार जणी माझ्यासोबत काम करतात. होळी झाली की गच्चीवर धुतलेली धोतरे पसरतात, ती मृग लागेपर्यंत उचलली जात नाहीत. नागपूरच्या उन्हाला सगळे शिव्या देतात, आमचे घर त्याच्यावर चालते. अन्नसुरक्षेची नोंदणी आहे, 14 आकडी क्रमांक पाकिटावर छापते. म्हणजे लहान का होईना, मी जाहिरातदार आहे, आणि त्या नात्याने बोलते आहे.

जाहिरात मला नवीन नाही. सुरुवातीची बरीच वर्षे मी पत्रके छापून घेत असे. पहाटे चारला पेपरांचे गठ्ठे सुटतात तिथे हे स्कूटरवर जायचे आणि पेपर टाकणाऱ्या मुलांना पत्रके द्यायचे. निम्मी पत्रके रद्दीत जायची, काही स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांखाली अंथरली जायची. ती अंथरलेली मला फार आवडायची, कारण डबा उचलला की वर्षभर माझा फोन नंबर दिसायचा. एकदा ऑटोवर भोंगा लावला. तो ऑटोवाला सक्करदऱ्यापर्यंत ओरडत गेला आणि तिथे एका टपरीवर भोंगा सुरू ठेवूनच तासभर चहा पीत बसला. मी चिडले होते. पण त्या टपरीभोवतालच्या घरांतून सहा गिऱ्हाइके मिळाली, ती आजतागायत आहेत.

हे मला आठवते, कारण माझी एक वही आहे. लांबोडकी, लाल पुठ्ठ्याची, दुकानदार उधारीला वापरतात तशी. नवीन गिऱ्हाईक आले की नाव, फोन, काय नेले, आणि शेवटच्या रकान्यात 'कुठून कळलं?' हा रकाना पहिल्या वर्षापासून आहे. कुणी शिकवला नाही. छापखान्याचे पैसे वाया जातात की काय, या धास्तीने आखला होता.

आता मुद्द्यावर येते. गेल्या जुलैत, धो-धो पावसात, डिजिटल जाहिरातीचे काम करणारा एक पोरगा घरी आला. ओळखीतला, चांगल्या घरचा, बोलायला गोड. महिन्याला नऊ हजारांचे पॅकेज, तीन महिन्यांसाठी. बारा पोस्ट, चार रील, आणि 'बूस्ट'चे, म्हणजे पोस्ट जास्त लोकांना दाखवायचे पैसे वेगळे. उन्हात वाळवलेल्या पापडाची जाहिरात भर पावसाळ्यात सुरू करण्यात काही खटकते का, हे त्यानेही विचारले नाही आणि मीही नाही. माझे गिऱ्हाईक वर्षाचा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये सांगून ठेवते, हे मला सतरा वर्षे ठाऊक होते. तरी मी हो म्हटले. मुलगा पुण्याहून म्हणाला होता, "आई, आता सगळे ऑनलाइन आहे." मागे पडायची भीती वाटते ना.

पंधरा दिवसांनी त्या पोराने मोबाइल पुढे केला. "काकू, पाहा ना जी, रीच किती येऊन राहिली!" रीच म्हणजे जाहिरात किती जणांपुढे गेली तो आकडा. एक लाख चाळीस हजार. नऊशेच्या वर लाइक. खोटे कशाला सांगू, मी हरखले. अमरावतीच्या बहिणीला फोन करून आकडा सांगितला. फोन ठेवला नि वही उघडली. पंधरा दिवसांत नवीन गिऱ्हाइके दोन, त्यातली एक देवळात ओळख झालेली.

मग लाइक देणाऱ्यांची नावे वाचत बसले. पूर्णिया, जौनपूर, सिलीगुडी. एकाने माझ्या मुगवड्यांच्या फोटोखाली 'नाइस डियर' लिहिले होते. खरे गिऱ्हाईक म्हणावे असे एकच आले, कोल्हापूरच्या एका बाईंचे. त्यांनी दोन किलो कुरड्या मागवल्या. आम्ही चौघी-पाच जणींनी वर्तमानपत्राचे बोळे कोंबून खोके बांधले, कुरिअरने पाठवले. चौथ्या दिवशी त्यांनी फोटो पाठवला. जाहिरात कोल्हापूरपर्यंत धडधाकट गेली होती, कुरडई चुरा होऊन. बाई भल्या, "राहू द्या, खिचडीसोबत तळून खाऊ" म्हणाल्या. मी पैसे परत केले.

असे का झाले हे मला शेजारच्या मुलीने समजावले. ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि याच विषयावर तिचा कॉलेजचा प्रोजेक्ट होता. तिने जाहिरातीचे खाते उघडून दाखवले. फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात लावताना पहिलाच प्रश्न असतो की तुम्हाला हवे काय. लोकांनी पाहावे, लाइक-कमेंट करावी, मेसेज करावा, की विकत घ्यावे? यंत्रणा मग त्याच कामाची माणसे शोधते. लाइक मागितले तर दिसेल त्याला लाइक ठोकणारी माणसे ती बरोबर हुडकते, कारण तिच्याकडे प्रत्येकाच्या सवयीची नोंद आहे. त्या पोराने 'एंगेजमेंट', म्हणजे लाइक-कमेंट निवडले होते आणि ठिकाण म्हणून सबंध भारत. लाइक स्वस्त पडतात, महिन्याच्या अहवालात आकडा फुगलेला दिसतो आणि पुढच्या महिन्याचे पॅकेज टिकते. यंत्रणेने फसवले असे मी म्हणणार नाही. तिला मागितले ते तिने इमानदारीने दिले. मागितले चुकीचे होते, आणि मागणारा माझ्या पैशाने मागत होता.

आणखी एक गोष्ट त्या मुलीने सांगितली, ती मला कळमन्यामुळे लगेच कळली. मी दरवर्षी मिरची कळमना मार्केटमधून आणते, तिथला लिलाव पाहिलेला आहे. ढिगाला जो जास्त बोली लावेल त्याचा ढीग. मोबाइलवर जाहिरातीची जागाही लिलावानेच जाते. कुणी स्क्रीन वर सरकवली की क्षणात बोली लागते. फरक एवढाच की इथे सगळ्यात मोठी बोली जिंकेलच असे नाही. हा माणूस या जाहिरातीवर काही करील का, आणि जाहिरात लोकांना आवडते की ते ती लपवून टाकतात, हेही मोजले जाते. म्हणून नेमकी, खरी जाहिरात कमी पैशांतही जागा मिळवू शकते. पण दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस विसरा. तेव्हा मोबाइल, फ्रिज, गाड्या आणि कपडे विकणाऱ्या मोठ्या कंपन्या लिलावात उतरतात आणि भाव चढतो. त्या गर्दीत पापडाने बोली लावणे म्हणजे हात वर करून उभे राहणे आणि बाजार उठल्यावर घरी येणे. पुरवणीतल्या लेखात नेमका 'दिवाळीआधी बजेट वाढवा' असा सल्ला होता.

आकड्यांविषयी थोडे. रील 'पाहिली' म्हणजे काय, हे कुणी सांगत नाही. फेसबुकवर वर्षानुवर्षे तीन सेकंदांना एक व्ह्यू धरत आले. तीन सेकंदांत माझ्याकडची सगळ्यात चपळ बाई पापडाची लाटीसुद्धा पुरती दाबत नाही. यूट्यूबने तर 31 मार्च 2025 पासून शॉर्ट्ससाठी व्हिडिओ सुरू झाला की व्ह्यू असे केले. किती वेळ पाहिला याची अटच काढली. जाहिरात उद्योगात 'दिसली' म्हणायची जी मान्य कसोटी आहे तीही अशीच आहे. साध्या जाहिरातीचा निम्मा भाग एक सेकंद स्क्रीनवर असला की झाले. अर्धा पापड, एक सेकंद. आणि सप्टेंबर 2016 मध्ये खुद्द फेसबुकने कबूल केले होते की लोक व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहतात तो आकडा दोन वर्षे फुगलेला दाखवला गेला, कारण तीन सेकंदांच्या आत निघून जाणाऱ्यांना सरासरीत धरलेच नव्हते.

वर्तमानपत्रांचा खप मोजायला 1948 पासून ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स आहे. जाहिरातदार, जाहिरात संस्था आणि पेपरवाले तिघे मिळून ती चालवतात, म्हणजे माल विकणाऱ्याच्या हातात एकट्याचा तराजू नसतो. मोबाइलवरच्या जाहिरातीत दुकान त्यांचे, तराजू त्यांचा आणि पावतीही त्यांचीच. (आपणही फार हुरळून जाऊ नये. देशभरातल्या वाचकसंख्येचे मोठे सर्वेक्षण 2019 नंतर कित्येक वर्षे निघालेच नाही, हे मला त्याच मुलीने सांगितले.)

ऑगस्टमध्ये त्या पोराने आमचे फोटो काढणे बंद केले. "काकू, आता एआयवर बनवून राहिलो, मस्त येते." फोटोत एक गोरीपान बाई हिरव्यागार टेकडीवर पापड वाळवत होती. गवतावर! पापड मैद्याच्या पोळीसारखे फुगलेले, पदर उलट्या खांद्यावर, आणि एका हाताला सहा बोटे आहेत की काय असा संशय यावा असा पंजा. आमच्या बाया हसून हसून लाटणे ठेवून बसल्या. त्यातली सगळ्यात म्हातारी म्हणाली, "हिचे पापड कोण खाईल बाप्पा, हिने कधी ऊन पाहिले नाही." मी तो फोटो काढायला लावला. त्याऐवजी मीच मोबाइलवर आमच्या गच्चीचा फोटो घेतला, कडेला कावळ्यांना भिववायला उलटी टांगलेली काळी पिशवी आणि पाण्याच्या टाकीसकट. त्या तीन महिन्यांत 'भाव काय?' असे मराठीत विचारणारे पहिले पाच मेसेज त्याच फोटोवर आले.

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल, कारण दुसऱ्याचीच उणीदुणी काढणे बरे नाही. खाण्यापिण्याच्या रील करणाऱ्या एका तरुणाला मी गोळाभाताचे साहित्य, पापड आणि लोणचे असा डबा फुकट पाठवला. पॅकेजवाल्या पोरानेच सुचवले होते. पैशांऐवजी माल देऊन जाहिरात, 'बार्टर' म्हणतात म्हणे त्याला. रील आली. तो तरुण फोडणीचे तेल ओतून गोळाभात खात म्हणाला, "मी तर नेहमी इथूनच घेतो." आयुष्यात पहिल्यांदा घेत होता! मला गुदगुल्या झाल्या, मी ती रील चाळीस जणींना पाठवली. चौऱ्याऐंशी हजार व्ह्यू, अकरा फोन, चार ऑर्डर, त्यातल्या दोन एकाच बिल्डिंगमधल्या.

नंतर कळले की हे नियमाविरुद्ध आहे. जाहिरात मानक परिषद, म्हणजे एएससीआय, हिने जून 2021 पासून इन्फ्लुएन्सरांसाठी, म्हणजे अशा रीलवाल्यांसाठी नियम लागू केले आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे 9 जून 2022 ची आहेत, आणि जानेवारी 2023 मध्ये ग्राहक खात्याने सोप्या भाषेत पुस्तिकाही काढली. पैसे घेतले असोत की फुकट डबा, सवलत असो की सहल, ते उघड सांगायचे. शिफारस स्वतः वापरून, मनापासून असायला हवी. आणि ज्या भाषेत शिफारस, त्याच भाषेत 'ही जाहिरात आहे' हे लिहायचे. हा शेवटचा नियम मला सगळ्यात पटला. नागपूरच्या किती रीलवर 'जाहिरात' हा शब्द मराठीत दिसतो, आपणच मोजा. कुठे तरी खाली हॅशटॅगच्या रांगेत 'ad' ही इंग्रजीतली दोन अक्षरे टाकतात, ती माझ्या वयाच्या बाईने कशी वाचायची? दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. आणि तो उत्पादकालाही होऊ शकतो, म्हणजे मलाही. मी त्या तरुणाला फोन केला. तो म्हणाला, "काकू, जाहिरात लिहिले तर व्ह्यू पडतात." बरोबर आहे त्याचे. पडतात म्हणूनच तर लिहायचे आहे. मी माझ्या पानावरून ती रील काढली.

गूगलवरच्या ताऱ्यांचेही तेच. पन्नास पाच-तारे मिळवून देतो असा फोन मला दोनदा आला. पैसे देऊन नाही घेतले, पण भाच्याला, दोन पुतण्यांना आणि कधी माझा पापड न खाल्लेल्या जावेच्या सुनेला मीच लिहायला सांगितले होते. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने 2022 मध्ये आयएस 19000 नावाचे मानक काढले आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होते! आता ते चारही काढून टाकले. उरले सात. त्यातला एक तीन ताऱ्यांचा आहे, 'पापड छान, कुरडईत मीठ जास्त'. आम्ही चीक शिजवताना मीठ कमी केले. तो अभिप्राय वाचून आलेल्या तिघी जणी वहीत आहेत. म्हणाल्या, एवढे तरी खरे दिसते.

बिलाबद्दल एकच. सप्टेंबरच्या बिलात 18 टक्के जीएसटीखाली '6 टक्के गूगल टॅक्स' अशी ओळ होती. परदेशी कंपन्यांना ऑनलाइन जाहिरातीपोटी दिल्या जाणाऱ्या पैशांवर 2016 मध्ये तसा कर आला होता खरा, पण तो 1 एप्रिल 2025 पासून रद्द झाला आहे, आणि वर्षाला लाखाच्या आतल्या व्यवहाराला तो तसाही नव्हता. ह्यांनी आयुष्यभर हिशेबाच्या खात्यात नोकरी केली, त्यांनी ओळीखाली लाल रेघ मारली. पोराने ती रक्कम मुकाट्याने कमी केली. पुढचे पॅकेज आम्ही घेतले नाही.

एवढे झाले तरी मी ऑनलाइन जाहिरात सोडलेली नाही, हे मुद्दाम सांगते. नाही तर कुणी म्हणेल म्हातारीला मोबाइल जमला नाही. या मार्चमध्ये शेजारच्या मुलीने नि मी मिळून स्वतः जाहिरात लावली. खाते माझ्या नावाने, पासवर्ड माझ्या वहीत. ठिकाण म्हणून नंदनवनात पिन रोवून पाच किलोमीटरचे वर्तुळ, म्हणजे सक्करदरा, रेशीमबाग, हनुमाननगर, दिघोरी. कुरडई हातात धरून नेता येईल एवढे अंतर. मागणी एकच, की माणसाने बटण दाबून मला व्हॉट्सॲपवर मेसेज करावा. फोटो तोच, टाकी नि काळ्या पिशवीचा. मजकूर: 'वर्षाचे वाळवण सांगून ठेवा. नोंदणी गुढीपाडव्यापर्यंत.' रोज दीडशे रुपये, बारा दिवस. अठराशे रुपयांत एक्केचाळीस मेसेज, सतरा ऑर्डर. रीच विचाराल तर मला आठवत नाही, मी पाहिलीच नाही.

या हंगामात वहीत त्रेसष्ट नवीन नावे आहेत. शेजारणीने सांगितले म्हणून आल्या त्या एकतीस. या जाहिरातीतून सतरा. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवरून अकरा. उरलेल्या चौघी सहा वर्षांपूर्वीच्या पत्रकावरून. एकीने ते खरोखरच डब्याखालून काढून आणले होते, तेलाचा गोल डाग पडलेले. व्हॉट्सॲपचे एक सांगून ठेवते, कुणाला उपयोगी पडेल. एकच निरोप एकदम अनेकांना पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 माणसे बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या मोबाइलमध्ये जतन केला आहे त्यांनाच निरोप जातो. म्हणून पाकीट हातात देतानाच मी म्हणते, "माझा नंबर 'वाळवणवाल्या काकू' म्हणून टाका जी, आत्ताच, माझ्यासमोर." स्टेटसच्या मधेही जाहिराती आणत असल्याचे कंपनीने जून 2025 मध्ये जाहीर केले. म्हणजे माझे सांडगे आणि कुणाची तरी चारचाकी शेजारी शेजारी दिसतील.

आपल्याकडे विनंती अशी की पुरवणीत पुढच्या वेळी 'लाखोंपर्यंत पोहोचा' लिहिण्याआधी अशा दोन-चार बायांच्या वह्या कुणाला तरी पाहायला पाठवा. एजन्सीला काय विचारायचे ते छापा: उद्दिष्ट काय निवडले, किती किलोमीटरमध्ये, खाते कुणाच्या नावाने, फोन किती आले. आणि दुसरी विनंती जरा धीर करून लिहिते. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर आपल्यासकट सगळेच पेपर 'ॲडव्हर्टोरियल' हा शब्द मुंगीएवढ्या अक्षरांत कोपऱ्यात टाकतात. तिथेही मराठीत 'जाहिरात' लिहावे, डोळ्यांना दिसेल असे. रीलवाल्या पोरांना मी कोणत्या तोंडाने सांगू?

माझे नाव छापू नये. त्या पॅकेजवाल्या पोराची आई दरवर्षी माझ्याकडून दोन किलो मुगवड्या नेते, आणि ती बाई फार चांगली आहे.

कळावे,
आपली नेहमीची वाचक,
नंदनवन, नागपूर

ता. क. – पत्र छापून आले तर वहीत 'पेपरातून कळलं' असा नवा रकाना आखू का, असे मी ह्यांना विचारले. हे म्हणाले, नाव नाही, नंबर नाही, मग कोण येणार आणि कुठे येणार? तेही खरेच.